हद्दीपलीकडचं सामान

निलंग्याच्या जीपस्टँडावर तिघा जीपवाल्यांत मिळून कायदा एकच होता, आणि तो एका गोणपाटाच्या पिशवीत मावायचा. पिशवीत लाल फुलीची पत्र्याची औषधपेटी, आग विझवायचं एक लहानसं नळकांडं, आणि घडी घालून ठेवलेला चकाकता लाल त्रिकोण. गाडी रस्त्यात बंद पडली तर मागं उभा करायचा म्हणे. पहिल्यांदा तो आणला तेव्हा अख्खं स्टँड हसलं होतं. "शंकरप्पा, हा तर दवाखान्याच्या भिंतीवरचा! दोन झाली की बास म्हणणारा!" त्यावर शंकरप्पा म्हणाला होता, "मला पाच हायत बाबा, आता मला दाखवून काय उपयोग?"

आपल्या बाजूला असल्या सामानाला कोण विचारतंय? पण कर्नाटकाची हद्द ओलांडून भालकीकडं निघालं की परमुलूख. तिकडच्या नाक्यावर गाडी अडवून सगळं मागायचे. मग संगप्पा, शंकरप्पा आणि भुजंग या तिघांनी मिळून सामान एकच घेतलं. हद्दीच्या दगडाजवळ केवळाबाईचं चहाचं छप्पर होतं. तिकडून येणाऱ्यानं पिशवी तिच्या बाकाखाली ठेवायची, इकडून जाणाऱ्यानं उचलायची. गावात पैठणी एकच असावी आणि जिच्या घरी पाव्हणे येतील तिनं ती नेसावी, तसला कारभार. पेटी तर कुणी उघडतच नव्हतं. तिच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती, ती फाटली तर नाक्यावर शंभर प्रश्न. औषध जखमेसाठी नाही, नाक्यासाठी आहे, हे सगळ्यांनी मनोमन मान्य केलं होतं.

त्या साली दुष्काळानं कंबरडं मोडलं होतं. लातूर जिल्हा नवा नवा झालेला. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, पाट्या रंगल्या. पाणी तेवढं जुन्या जिल्ह्यातच राहिलं, असं लोक म्हणायचे आणि हसायचे. तिथं तरी कुठं होतं म्हणा! संगप्पाच्या घरी मात्र न्हाणीत एक पिंप काठोकाठ भरून, वर फडकं बांधून ठेवलं होतं. त्याला कुणी शिवायचं नाही, असा लक्ष्मम्माचा हुकूम होता. नवऱ्यानं एकदा तांब्या बुडवला तर ती अशी काही कडाडली, की बिचाऱ्यानं तोंड न धुताच गाडी काढली. ते पाणी लेकीच्या बाळंतपणाचं होतं.

लेक शांतम्मा भालकीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी. आधीच्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं वाहून गेलं होतं, त्यामुळं या वेळी माहेर आणि सासर दोन्ही घरं जीव मुठीत धरून बसली होती. आठवा सरत आला तसा निरोप आला, अप्पांनी स्वतः येऊन न्यावं, डाक्टरनं धक्के खाऊ नका म्हणून बजावलंय, एसटी नको. "जपून आणा," लक्ष्मम्मा म्हणाली, "घाई करू नका. तुमची घाई मला ठावं हाय."

संगप्पाची घाई साऱ्या स्टँडाला ठाऊक होती. माणूस सोन्यासारखा, पण बूड टेकून चहा पिणार नाही. दुपार कलताना तो निघाला, आणि औरादच्या पुढं, उताराच्या वळणावर मागचं चाक बसलं.

तिथं डांबर एका गाडीपुरतं. खाली उतरावं तर एका अंगाला खड्डा, दुसऱ्या अंगाला बाभळी. गाडी वळणातच उभी राहिली. सामान शंकरप्पाकडं होतं, तो सकाळीच कडबा आणायला भालकीला गेलेला. मग संगप्पानं तेच केलं जे त्याचा उस्ताद करायचा आणि उस्तादाचा उस्ताद करायचा. रस्त्याकडेचे चांगले डोक्याएवढे दगड उचलून आणले आणि गाडीच्या मागं-पुढं रस्त्यात मांडले. बाभळीची एक फांदी मोडून दगडांत रोवली आणि खांद्यावरचा लाल पंचा तिला बांधला. त्रिकोण नसला म्हणून काय झालं?

जॅक लावला, स्टेपनी चढवली, घामानं निथळला. मागून एक ट्रॅक्टरवाला येऊन उभा राहिला आणि भोंगा वाजवायला लागला. "आरं थांब की, काय आग लागली का?" संगप्पा त्याच्यावर खेकसला, पण आग त्याच्याच बुडाला लागलेली होती. पाना आत फेकला, सेल्फ मारला, पुढचे दोन दगड पायानं ढकलले न ढकलले आणि निघाला. ट्रॅक्टर शिव्या देत मागल्या दगडांना वळसा घालून शेतात उतरला.

ही आपल्याकडची खोड. दगड लावताना माणूस दहादा वाकेल, काढताना कंबर धरते. काम झालं की दगड रस्त्याचे!

केवळाबाईच्या छपरापाशी संगप्पानं बसल्या जागेवरून हाक दिली, "मावशी, सामान?"

"शंकरप्पा अजून आलाच न्हाई की. बस, चहा टाकते."

"कशाचा चहा! लेक वाट बघून राहिली. शंकऱ्या वाटंत भेटला की घेतो त्याच्याकडून."

शंकरप्पा वाटेत भेटला नाही. नाका मात्र भेटला. ओळखीचा जमादार बदलून गेला होता आणि खुर्चीवर एक तरणा साहेब बसला होता. चष्मा पुसत त्यानं विचारलं, "डबा यल्ली?"

निम्म्या स्टँडाच्या सोयरिकी तिकडच्या, कानडी सगळ्यांना कळायचं. औषधाचा डबा कुठाय, त्रिकोण कुठाय, नळकांडं कुठाय. संगप्पानं हात जोडले, लेकीचं सांगितलं, आठवा महिना सांगितला. साहेब ऐकत होता, पण हलत नव्हता. त्यानं जीप खोलीच्या मागं लावायला सांगितली आणि किल्ली टेबलावर ठेवून घेतली.

"सामान आणून दाखव, गाडी ने," तो मराठीतच म्हणाला. मराठी चांगलं येत होतं की लेकाला!

"साहेब, आमचं सामान हाय. फकस्त ते दुसऱ्या गाडीत हाय."

"अपघात दुसऱ्या गाडीला होणार, असं ठरलंय का?"

खोलीत उकडत होतं. भिंतीवरच्या पालीकडं बघत संगप्पा मनातल्या मनात साहेबाच्या सात पिढ्या मोजत होता. तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. घसा बसल्यासारखा, शेवटी चिरकणारा. शंकरप्पाचा भोंगा! तो ओरडत उठला, "साहेब, तोच आमचा माणूस! थांबवा त्याला, सामान त्याच्याकडंच हाय!"

बाहेर येईतो धुरळाच उरला होता. रस्त्यावरची आडकाठी खाली करत शिपाई म्हणाला, "गेली की. सगळं सामान बरोबर होतं. मागं कडबा, पुढं एक बाई. पोटुशी होती. अप्पा न्यायला येणार होते पण उशीर झाला, म्हणून गावच्याच जीपमधनं निघाले म्हणत होती."

संगप्पाच्या तोंडावर हसू पसरलं. "माझी लेक ती! शांतम्मा!" शंकरप्पा म्हणजे घरचाच माणूस, लेकीला त्यानं अंगाखांद्यावर खेळवलेलं. देवानं गणित बरोबर जुळवलं म्हणायचं. "साहेब, मग मला पलीकडं जायचंच न्हाई आता. सोडा की माघारी."

साहेबही जरा सैलावला. किल्ली हातात खेळवत त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्ही लोक त्रिकोणाला हसता. गाडी रस्त्यात बंद पडली तर मग करता काय?"

"दगडं लावतो की साहेब. चांगली मोठी."

"आणि निघताना?"

काढतो, असं म्हणायला संगप्पानं तोंड उघडलं. हात आपोआप खांद्यावर गेला. खांद्यावर पंचा नव्हता.

वळण. उतार. डांबर एका गाडीपुरतं. आणि इकडून जाणाऱ्याच्या तर थेट डोळ्यात मावळता सूर्य. शंकरप्पाला दगड दिसणार नव्हते. पंचाही दिसणार नव्हता. पुढच्या बाकावर शांतम्मा, दोन्ही हातांनी पोट धरून.

"साहेब," तो कसाबसा बोलला, "दगडं तशीच हायत. वळणावर. माझी लेक त्याच रस्त्यानं..."

साहेबानं पुढचं ऐकून घेतलं नाही. किल्ली त्याच्या अंगावर फेकली आणि स्वतः धावत जाऊन आडकाठी उचलली. "ओडू! पळ!"

जीप संगप्पानं कशी हाणली ते त्याचं त्याला ठाऊक. तोंडानं नुसतं शिवा शिवा चाललं होतं. शंकरप्पा हळू चालव बाबा, आज तरी म्हाताऱ्यासारखा चालव, बिडी पेटवायला थांब, मुतायला थांब, कशालाही थांब. छपराजवळ केवळाबाई भर रस्त्यात उभी होती, दोन्ही हात पसरून. तिच्यापायी ब्रेक मारावा लागला.

"आरं सामान घे की! मी टँकरवर पाण्याला गेले होते, तेवढ्यात शंकरप्पा ठिवून गेला."

"मावशी, सर बाजूला!" तो किंचाळला. तिनं घाबरून पिशवी आत टाकली आणि ती मागं सरली.

वळण यायच्या आधीच त्याला कडबा दिसला. रस्ताभर पेंढ्या विखुरल्या होत्या. शंकरप्पाची जीप खड्ड्यात एका कुशीवर आडवी पडली होती आणि तिचं एक चाक वर हवेत राहिलं होतं. संगप्पानं ब्रेक लावला की नाही कोण जाणे, तो उडी टाकून पळत सुटला होता.

शांतम्मा रस्त्याकडेला कडब्याच्या पेंढीला टेकून बसली होती. जिवंत. कोपर फुटलेलं, केस सुटलेले. तिच्या मांडीवर शंकरप्पाचं डोकं, आणि त्या डोक्याला तिनं फडकं आवळून बांधलं होतं.

"शांते! पोरी!"

"मला कायबी न्हाई, अप्पा. काकानं गाडी खड्ड्याकडं वळवली, मागला कडबा सांडला. पेंढ्यांवर पडले मी." मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "हालतंय पोटात. पण कळा येऊन राहिल्यात. आठवाच हाय अजून, अप्पा."

शंकरप्पानं डोळे उघडले. एक हात खांद्यातून लोंबत होता, पण जीभ शाबूत होती. "कुण्या हरामखोरानं भर रस्त्यात दगडं सोडली बघ, संगप्पा. सापडू दे मला. त्याच्या घरात दिवा लावायला कुणी उरू नये!"

संगप्पाची नजर तेव्हा त्या फडक्यावर गेली. रक्तानं भिजूनही ते ओळखू येत होतं. लाल पंचा, त्याची एक कड दिवाळीला शांतम्मानंच शिवून दिलेली. त्यानं लेकीकडं पाहिलं. तीही त्याच्याकडंच बघत होती. किती वेळापासून, देव जाणे.

"फांदीला बांधला होता," ती एवढंच म्हणाली.

नाही म्हणायला वाव होता. एकाच रंगाचे पंचे बाजारात ढिगानं मिळतात. पण लेकीच्या डोळ्यांसमोर त्याला खोटं सुचेना.

"माझी हायत," तो म्हणाला. "शंकरप्पा, दगडं माझी हायत."

शिवी आली नाही. शिवी आली असती तर बरं झालं असतं.

"तुझी?" शंकरप्पा हळू आवाजात म्हणाला. "आरं, शांता म्हणली अप्पा येतच असतील मागं-पुढं, म्हणून सामान तुझ्यासाठीच ठिवून आलो की रं."

संगप्पानं पिशवी आणली. पेटीवरची कागदी पट्टी फाडली. कापूस पिवळा पडला होता, औषधाची बाटली वाळून खडखडीत झाली होती, पण पट्ट्या होत्या. त्यानं मित्राचं डोकं नव्या पट्टीनं बांधलं, हात गळ्यात अडकवला. त्रिकोण उघडायला त्याला जमेना. तिघांपैकी कुणी तो कधी उघडलाच नव्हता. शेवटी शांतम्मानंच कळ दाबली आणि तो उभा राहिला. आडव्या जीपच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला संगप्पानं तो नीट रोवला. मावळतीच्या उजेडात तो असा काही पेटला की आंधळ्यालाही दिसला असता.

दोघांना त्यानं आपल्या जीपमध्ये घातलं. औरादला डाक्टर होता. तिथं जमलं नाही तर निलंगा. शांतम्माला कळ आली तशी तिनं पुढचा बाक दोन्ही मुठींत धरला, आणि तिचा तो आवाज ऐकून संगप्पाचं डोकंच चालेना. सेल्फ मारला. गियर टाकला. एकेक क्षण मोलाचा होता, आता तरी घाई करायलाच हवी होती.

"अप्पा," मागून ती म्हणाली. दात आवळून, एकेक शब्द वेगळा काढत. "दगडं काढली का?"

त्यानं गाडी बंद केली.

खाली उतरला आणि गाडीच्या दिव्यांच्या उजेडात एकेक दगड उचलू लागला. पार बाभळीपर्यंत न्यायचा, टाकायचा, परत यायचं. पळत पळत करत होता. मागून लेकीचं कण्हणं ऐकू येत होतं, मध्येच थांबायचं, मग वाढायचं, आणि ते थांबलं की त्याचाही श्वास थांबायचा. फांदी उचलली. चाकानं उडवलेला एक दगड पार पलीकडं जाऊन पडला होता, तोही शोधून काढला. शेवटचा दगड सगळ्यात मोठा होता. आणताना त्यानं तो एका हातानं उचलला होता, आता दोन्ही हातांनीही उचलेना. मग तो गुडघ्यांवर बसला आणि छाती लावून तो दगड ढकलत ढकलत कडेला नेला.