जाळीच्या चौकटीतील दोन ग्रॅम

हार्लेम शहरातील, गांजा विकायची परवानगी असलेल्या त्या दुकानात शिरण्यापूर्वी नेलिस झोनेव्हेल्डने सायकलचे कुलूप दोनदा ओढून पाहिले. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्याने गांजा कधी विकत घेतला नव्हता, आणि आज घ्यायचा होता तोही स्वतःसाठी नव्हे. केमोच्या दुसऱ्या फेरीपासून त्याची बायको योझीन हिच्या पोटात अन्न ठरत नव्हते. उकडलेला बटाटासुद्धा ती काट्याने बशीच्या कडेला सारून ठेवी. तिचे अकरा किलो वजन उतरले होते. पुढच्या फेरीपूर्वी ते आणखी उतरले तर उपचार थांबवावे लागतील, असे इस्पितळाने स्पष्ट सांगितले होते.

घरच्या डॉक्टरांनी गांजाची चिठ्ठी लिहून देण्याची तयारी दाखवली होती. हिलेगोम या त्यांच्या गावातल्या औषधाच्या दुकानातून सीलबंद डबी मिळाली असती. पण त्या दुकानाच्या काउंटरवर योझीनची भाची आनलीस उभी असे, आणि आनलीसला कळले म्हणजे रविवारच्या आत साऱ्या चर्चला कळले, याबद्दल योझीनला तिळमात्र शंका नव्हती.

"तूच आण कुठून तरी," ती म्हणाली होती. "पण हिलेगोममध्ये एका माणसाला जरी पत्ता लागला ना, तर तुझ्या हातची कॉफी मी पिणार नाही."

दुकानात रांग होती. मानेवर गोंदलेल्या एका तरुणाने नेलिसकडे वळून पाहिले. "आजोबा, पोस्ट ऑफिस पलीकडच्या गल्लीत."

"माहीत आहे," नेलिस म्हणाला. "तिथली माणसं जरा लवकर आटपतात."

तरुण हसला आणि बाजूला सरकला. काउंटरमागच्या मुलीच्या छातीवर 'फेना' अशी नावाची पट्टी होती. तिने ओळखपत्र मागितले.

"मी एकाहत्तर वर्षांचा आहे."

"चेहरा तेच सांगतोय. पण नियम चेहऱ्याला विचारत नाही." तिने कार्ड पाहून परत दिले. "पहिल्यांदाच ना? कुणासाठी?"

"बायकोसाठी. तिला जेवण जात नाही."

फेनाचा आवाज खाली आला. "मग एका वेळी मिळतात त्या पूर्ण पाच ग्रॅमच्या भानगडीत पडू नका. दोन घ्या, कमी जोराचा. मानवला तर पुन्हा या. ओढायचा नाही ना तिला? मग वाफेचं यंत्र घ्या, चिमूटभर चुरा पुरतो." तिने नमुन्याची एक कळी चिमट्याने उचलून भिंगाखाली धरली. "हे बघा. बोटानं हलकं दाबलं की स्पंजासारखी वर आली पाहिजे. चुरा झाली तर फार वाळलेली. ओलसर लागली तर बुरशी आलीच म्हणून समजा. आणि वास घ्या. लिंबू, पाइन, कापलेलं गवत, काहीही चालेल. तळघराचा वास आला तर सख्ख्या भावाकडूनही घेऊ नका."

नेलिसने भिंगातून पाहिले. आयुष्यभर त्याने मालाची पारख केली होती, म्हणून त्याची नजर आपोआप देठाकडे गेली, मग पाकळ्यांच्या बेचक्यांत. कळीवर दहिवरासारखे चमकणारे कण होते.

"चिकट दिसते."

"राळ आहे ती. अंगावर जे पडेल ते धरून ठेवते. म्हणून बोटं कमी लावायची." तिने दोन ग्रॅम तोलून काळ्या काचेच्या छोट्या बरणीत भरले आणि वर एक कागदी पुडी टाकली. "ही पुडी आतच राहू द्या, ती ओल सांभाळते. झाकण घट्ट. अंधार आणि गारवा. फ्रिज नको, खिडकी नको."

"बंद काचेत?" नेलिसच्या कपाळावर आठी पडली. "माल गुदमरेल."

"गुदमरायला तो जिवंत कुठे आहे? वाळवून, मुरवून आलेला आहे."

"पोरी, मी अडतीस वर्षं ट्युलिप आणि हायसिंथचे कंद सांभाळलेत."

"मला फुलदाणीतली फुलंही सांभाळता येत नाहीत," फेना म्हणाली. "पण हे येतं. बरणी म्हणजे बरणी."

त्याने मान हलवली. पण ती होकाराची नव्हती.

तो निष्काळजी होता असा दोष त्याला देता येणार नाही. निवृत्तीपर्यंत त्याने कंदांच्या कोठ्या चालवल्या होत्या, आणि त्या कामाचा पहिला धडा एकच होता: वारा थांबला की माल गेला. उमेदवारीच्या वर्षी कुणीतरी एका कोठीची झडप बंद ठेवली आणि तीन दिवसांनी दार उघडले तेव्हा आतला आंबूस वास त्याच्या नाकात कायमचा बसला. त्यानंतर बंद झाकण दिसले की त्याचा हात ते उघडायला जाई.

घरी येऊन त्याने बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, कारण योझीनला ती पाहायची होती. ऑगस्टचे ऊन होते. तासाभराने त्याने झाकण उचलले, तर काचेच्या आतल्या बाजूला घाम आलेला. ज्या खिडकीबद्दल फेनाने बजावले होते तिचाच तो परिणाम आहे, हे त्याच्या ध्यानात आले नाही. घाम दिसला आणि अडतीस वर्षे एकदम बोलू लागली.

परसातल्या लाकडी कोठीत त्याने हौसेने जपलेले जुन्या जातींचे हायसिंथ होते. जूनअखेर उपटलेले कंद जाळीच्या चौकटींत एकावर एक रचलेले, आणि मागे एक छोटा पंखा, दिवसरात्र मंद फिरणारा. खालच्या फळीवर त्याने एक धुतलेली, बारीक जाळीची चौकट ठेवली, त्यात गांजाच्या कळ्या एकमेकींना लागणार नाहीत अशा मांडल्या, आणि वहीत नोंद केली: "१२ ऑगस्ट. बरणीतून काढून जाळीत. खालची फळी. तापमान २१, आर्द्रता ५८." अक्षर नेहमीसारखे सरळ, टाकाने काढल्यासारखे.

पहिले चार दिवस त्याच्या पद्धतीला यशच आले. दुपारी बारा वाजता योझीन त्याने बरणीसोबत आणलेल्या वाफेच्या यंत्रातून तीन झुरके घेई, पाऊण तास बागेकडे बघत बसे आणि मग एकदम म्हणे, "भूक लागल्यासारखं वाटतंय रे." गुरुवारी तिने तीन नवे बटाटे, फरसबी आणि अर्धी वाटी ताकाची लापशी खाल्ली. नेलिस समोर बसून तिचा चमचा मोजत राहिला.

"असा काय बघतोस? मी काय प्रदर्शनातली गाय आहे?"

"खा तू."

"खातेय. तू बघायचा थांब."

शनिवारी ती सारखी ओठ पुसू लागली. मग खोकली. मग आरशासमोर गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

"नेलिस, इकडे ये. हे बघ."

ओठांच्या कडेला लालसर पुरळ होते. योझीन स्वतः कंदवाल्यांची मुलगी. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांच्या शेडमध्ये बसून तिने पोत्यांनी हायसिंथ सोलले होते, आणि त्या कंदांच्या धुळीने मनगटाला सुटणारी खाज या गावात कुणाला शिकवावी लागत नाही.

"ही हायसिंथची खाज आहे," ती म्हणाली. "मी दोन वर्षांत कोठीत पाऊल टाकलेलं नाही. मग हायसिंथ माझ्या तोंडापर्यंत आला कसा?"

उत्तर त्याला त्याच क्षणी कळले. पंखा, वरच्या चौकटींतले कंद, त्यांची सुटणारी सालपटे, आणि खाली ती चिकट राळ, अंगावर पडेल ते धरून ठेवणारी. पण तोंडातून दुसरेच निघाले.

"माझे हात. कप मीच देतो ना तुला."

"मग हात धू की नीट! चव्वेचाळीस वर्षं तेच सांगतेय."

तो कोठीत गेला. भिंग काढले. कळ्यांवर तपकिरी धूळ बसली होती, पिठासारखी बारीक. एका कळीच्या बेचक्यात निळसर राखाडी ठिपका होता. त्याने वरची चौकट खाली घेतली. तिसऱ्या ओळीतल्या एका हायसिंथच्या बुडाशी तसाच निळा डाग होता. कंदावर ही बुरशी दर वर्षी दोनचार ठिकाणी येतेच. ती पुसून कंद लावता येतो, त्यात घाबरण्यासारखे काही नसते. कंदाच्या बाबतीत घाबरण्यासारखे नसते. योझीनच्या रक्तात मात्र पांढऱ्या पेशी किती उरल्या आहेत, तो आकडा फ्रिजच्या दारावर चिकटवलेला होता.

त्याने सगळ्या कळ्या कचऱ्यात टाकल्या आणि तिला सांगितले की माल संपला, सोमवारी नवा आणतो.

"दोन ग्रॅम? इतक्यात? कुणाला वाटलास काय?"

त्याने हसण्याचा प्रयत्न केला. सांगावे असे रविवारभर त्याच्या मनात येत होते. तिचा खोकला ऐकू आला की शब्द ओठांवर येत, आणि खोकला थांबला की ते परत जात. कदाचित काहीच होणार नाही, या आशेवर त्याने एक सबंध दिवस घालवला.

सोमवारी दुपारी तीन वाजता तापमापक ३८.६ अंश सेल्सिअस दाखवू लागला. साडेअडतीसच्या वर गेले की विचार न करता फोन करायचा, ही इस्पितळाची सूचना फ्रिजवर त्या आकड्याच्या शेजारीच होती. गाडी येईपर्यंत योझीनने त्याची बाही धरली.

"गांजाचं नाव काढायचं नाही. कळलं? तिथे आनलीसच्या नवऱ्याची बहीण परिचारिका आहे."

इस्पितळातल्या डॉक्टर टेर होर्स्ट तरुण होत्या, आणि प्रश्न यादीतून वाचल्यासारखे पण नीट डोळ्यांत बघून विचारत होत्या. फुप्फुसाच्या चित्रात डाव्या बाजूला एक डाग दिसत होता. तो नेहमीच्या जंतूंचा आहे की आणखी कशाचा, हे ठरायला दोन दिवस लागले असते.

"घरात ओल आहे? भिंतीला बुरशी? बागकाम, माती, खत?"

"नाही," योझीन म्हणाली.

"धूम्रपान? कसली वाफ वगैरे?"

"नाही."

डॉक्टर नेलिसकडे वळल्या. योझीनची नजरही त्याच्यावर होती, तापाने चकाकणारी, वचनाची आठवण देणारी. त्याने कोटाच्या खिशात हात घातला. निघताना वही का उचलली, हे त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते.

"गांजा," तो म्हणाला. "दिवसाला तीन झुरके, पाच दिवस. दुकानातून आणला तेव्हा चांगला होता. बरणीत ठेवा म्हणून सांगितलं होतं. मी ठेवला नाही. कंदांच्या कोठीत उघड्या जाळीवर ठेवला. वर हायसिंथ होते, त्यांच्यावर निळी बुरशी होती. कळीवरही एक ठिपका सापडला. शनिवारी दुपारी. सगळं इथे लिहिलंय."

डॉक्टरांनी वही घेतली, पाने उलटली, तारखांवरून बोट फिरवले.

"आजवर इतकी स्वच्छ माहिती मला कुणी दिली नव्हती," त्या म्हणाल्या, आणि त्या वाक्यात कौतुक नव्हते. "बुरशीवरचं औषध आत्ताच सुरू करू. दोन दिवस वाट बघायची गरज नाही. औषधाच्या दुकानातला गांजा जंतू मारून बंद केलेला असतो, तो का नाही घेतला?"

योझीनने चादर हनुवटीपर्यंत ओढली.

डॉक्टर गेल्यावर योझीन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग न वळताच तिने विचारले.

"शनिवारी मी ओठ दाखवले. तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू म्हणालास, हात."

"हो."

"गांजाचं डॉक्टरला सांगितलंस त्याचा राग नाही मला. मीही मूर्खच, भाचीला घाबरून बसले. पण ओठ माझे होते नेलिस. मला सांगायचं होतंस."

चौथ्या दिवशी ताप उतरला. डाग बुरशीचाच होता, आणि औषध कित्येक आठवडे घ्यावे लागणार होते. केमोची पुढची फेरी पुढे ढकलली. किती, ते कुणी सांगेना. घरी सोडण्याच्या दिवशी योझीनने नवी चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली.

"फुप्फुस निवळेपर्यंत वाफ बंद. डॉक्टरांनी गांजाचेच थेंब लिहून दिलेत. जा आनलीसकडे. आणि कुजबुजू नकोस."

औषधाच्या दुकानात चार माणसे होती. आनलीसने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, आणि वर पाहिले. "मावशीसाठी?"

"तुझ्या मावशीसाठी," नेलिस म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. "गांजाचे थेंब. कसे ठेवायचे ते सांग."

आनलीसचा चेहरा लाल झाला, पण तिने सांगितले. अंधारात, गार जागी, झाकण घट्ट. त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

त्या संध्याकाळी त्याने पंखा बंद केला आणि हायसिंथच्या चौकटी एकेक करून शेजाऱ्याच्या शेडमध्ये नेऊन दिल्या. मग कोपरापर्यंत हात घासून धुतले आणि सीलबंद बाटली घेऊन वर गेला. पलंगाशेजारच्या कपाटाचा दुसरा खण त्याने त्यासाठी रिकामा केला होता. छोटा आर्द्रतामापकही आत ठेवला होता.

योझीनने हात पुढे केला. त्याने बाटली दिली. तिने सील तपासले, तारीख वाचली आणि बाटली आपल्या उशीजवळच्या पेटीत ठेवली, जिची किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीत असे.

"मी देत जाईन ना तुला, वेळच्या वेळी," तो म्हणाला.

"नको," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो शब्द त्याला जड गेला. "बाटली माझ्याजवळ राहील. तू बटाटे लाव उकडायला."

तो खाली गेला. नळाखाली बटाटे धुताना वरून पेटीला कुलूप लागल्याचा बारीक आवाज आला, आणि तो आवाज थांबल्यावरही तो बराच वेळ तोच बटाटा धूत राहिला.