विहिरीचं शून्य

जॅकलिनने डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं, पाण्यात काही नाही, मी स्वतः तपासलंय. तिच्या भावाची, लेस्टरची, दोन महिन्यांची मुलगी निकोल मुलुंडच्या इस्पितळात निळी पडत चालली होती, आणि पावडरचं दूध कोणत्या पाण्यात कालवता, असं डॉक्टर विचारत होते. कांजूरमार्गच्या गावठाणातल्या, घरच्या विहिरीच्या. पाणी तपासणं हीच जॅकलिनची नोकरी, त्यामुळे तिच्या शब्दावर डॉक्टर पाण्याचा नाद सोडून हृदयाच्या मागे लागले.

तिच्या मनाला मात्र काहीतरी कुरतडत राहिलं. ती तडक प्रयोगशाळेत गेली. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त असलं की तान्ही बाळं अशी निळी पडतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही. पण पाण्यातून अतिनील प्रकाश सोडला की ते तो गिळतं. जितका प्रकाश गिळला जाईल तितकं नायट्रेट. त्याआधी शुद्ध पाणी ठेवून यंत्राला शून्य कुठे ते दाखवावं लागतं, एवढंच. मागच्या महिन्यात घरच्या विहिरीचा आकडा आला होता चक्क शून्य. असा आकडा कुठल्याच विहिरीचा येत नाही, हे तिला कळायला हवं होतं. पण विहीर आजोबांनी खणलेली, दरवर्षी फादर येऊन आशीर्वाद देतात ती. शून्य बघून जॅकलिन बाईसाहेब हरखल्या आणि घरभर सांगत सुटल्या.

तिच्या पिण्याच्या बाटलीत घरचंच पाणी होतं. नव्या डिस्टिल्ड पाण्यावर शून्य लावून तिने ते यंत्रात ठेवलं. आकडा मर्यादेच्या तिप्पट आला.

मागच्या वेळी शून्य लावलं होतं दुसऱ्या बाटलीवर. नियमच तसा: वाटेत काही मिसळलं तर दोन्हींत सारखंच मिसळावं म्हणून नमुन्याच्या बाटलीबरोबर शुद्ध पाण्याची एक बाटली घरी न्यायची आणि तशीच परत आणायची. तिने आईला, कॉन्सेप्टाला, फोन लावून त्या बाटलीचं विचारलं.

“ते पानी मी इस्त्रीत घातलं,” आई म्हणाली. “मग रिकामी बाटली कशी धाडायची गं? आपल्या बावडीचं भरलं तिच्यात.”

विहीर विहिरीशीच ताडून पाहिली होती. फरक निघणार कुठून?

जॅकलिनने इस्पितळात कळवलं. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं, पण फार उशीर झाला होता. निकोल संध्याकाळी गेली.

माती देऊन आल्यावर कॉन्सेप्टाने जॅकलिनला विचारलं, तुझ्या मशीनला कसं नाय दिसलं? लेस्टर समोरच बसला होता.

“चूक माझी झाली, ममा,” जॅकलिन म्हणाली.

लेस्टर उठून बाहेर गेला. त्यानंतर तो बहिणीशी बोलला नाही. बाटलीची गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही, सांगणारही नव्हती.

शेजारच्या अक्षताने त्या दिवशी पेजेचं पातेलं पाठवलं होतं. कॉन्सेप्टाने ते घासलं, पदराने पुसलं आणि रडत रडतच त्यात दोन मुठी तांदूळ घातले. कॉन्सेप्टाच्या घरातून कुणाचं भांडं कधी रिकामं परत गेलं नव्हतं. जॅकलिनने ते तिच्या हातातून घेतलं आणि पोचवायला निघाली.