प्लास्टरचे दात

सुलेखाचे दात मी सरळ करून घेतले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर लोक नेमकं हेच विसरतात. नवऱ्याच्या बहिणीसाठी एवढं कोण करतं? सांगलीत तिच्या सख्ख्या आईबापांनी एकतीस वर्षांत केलं नव्हतं.

तिचे वरचे चार दात चांगलेच पुढे होते. ओठ मिटायचे तर तिला ते ओढून धरावे लागत. लग्नासाठी काढलेल्या फोटोत ओठ मिटलेले आहेत आणि त्या खटपटीने हनुवटीला सुरकुत्या पडल्या आहेत. फोटो पाहून स्थळं यायची, मुलगी पाहून परत जायची. अशी चौदा. शेवटी शैलेंद्रने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कागदपत्रं करून तिला शिकागोला आणलं. साल चौऱ्याऐंशी. आमच्या जुळ्या मुली, दीपा आणि सीमा, तेव्हा वर्षाच्या होत्या आणि मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला. सुलेखा आली त्याच आठवड्यात मी बेबीसिटरला निरोप दिला.

तारा लावायची कल्पना माझीच. "या वयात?" शैलेंद्र म्हणाला. "लोक हसतील."

"हसतील त्यांचे दात दिसतील," मी म्हटलं.

आणि हसले लोक. डॉक्टर केसलरच्या वेटिंग रूममध्ये सगळी बारा-तेरा वर्षांची पोरं, आणि त्यांच्यात ही, साडीवर माझा जुना कोट घालून. चार दात उपटले, उरलेल्यांवर लोखंड चढलं. मंडळाच्या गणपतीत पोरांनी तिला 'मेटल माउथ आंटी' करून टाकलं आणि त्यांच्या आयांनी तोंडाला पदर लावून त्यांना दटावलं. चकली बंद, लाडू बंद. आमटी-भात खाल्ला तरी तारांत कोथिंबीर अडकायची आणि ती समोर बसून बोलायला लागली की माझी नजर तिथेच जायची. तार गालात घुसली की ती त्यावर मेण लावायची आणि पुढच्या पोळ्या लाटायची. एकदाही कुरकुर नाही. मला कुरकुर न करणाऱ्या माणसांचा राग येतो. त्यांच्याशी वागताना आपण कुठवर आलो तेच कळत नाही.

तिचं इंग्रजी पुस्तकातलं. इथलं बोलणं तिच्या डोक्यावरून जायचं, म्हणून दर महिन्याला शनिवारी मी बरोबर. डॉक्टर मला सांगणार, मी तिला सांगणार. आमच्यात हे असंच चालतं. नवीन आलेल्या माणसाच्या वतीने घरातलं जुनं माणूस बोलतं, बँकेत काय, ग्रीन कार्डच्या ऑफिसात काय. त्यात इथे तर तिचं तोंड उघडं, आत आरसा आणि पकड. दिव्याखाली ती डोळे मिटून पडलेली असायची आणि तिच्यावरून डॉक्टर आणि मी बोलायचो.

शहाऐंशीच्या जानेवारीत एडिसनहून त्र्यंबक चांदोरकरांचा फोन आला. बेचाळिशीचे, इंजिनिअर, पहिलं लग्न मोडलेलं. सुलेखाचा फोटो त्यांना आवडला होता. तारांचं मी आपणहून सांगितलं, लपवाछपवी मला जमत नाही.

"वहिनी, माझं काही नाही हो," ते म्हणाले. "पण आई मेमध्ये येतेय, तीन महिन्यांसाठी. ती मुलगी बघेल आणि ती असतानाच उरकून टाकायचं असं चाललंय. तोवर तारा निघाल्या तर बरं. आई जुन्या वळणाची आहे."

डॉक्टरांनी सुरुवातीलाच दीड वर्ष सांगितलं होतं, म्हणजे हिशेब जमत होता. सुलेखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरची पानं उलटून मेपर्यंत जायची आणि परत यायची. सांगलीहून आणलेली जांभळी रेशमी साडी तिने बाहेर काढली, फॉल उसवला आणि पुन्हा लावला. कणीक मळताना गुणगुणायला लागली. मुलीही तिच्याबरोबर गुणगुणायच्या.

फेब्रुवारीत मला लॅबची सुपरवायझर केलं. सकाळी सहाची शिफ्ट. साडेपाचला घर सोडायचं. मुलींचं उठणं, न्हाणं, खाणं, सगळं आत्यावर. मे महिन्यात आत्या एडिसनला गेली की माझी सुपरवायझरी संपली, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्याच महिन्यातल्या शनिवारी डॉक्टरांनी सुलेखाच्या दातांचा ठसा घेतला. काम झालं की ते प्लास्टरचे दात करून ठेवत. तोंडात पुन्हा एकदा डोकावून ते मला म्हणाले, "सुंदर. मार्चमध्ये काढून टाकू."

मी विचार करायला थांबले नाही. तोंडातून निघूनच गेलं. "डॉक्टर, ती म्हणते खालचा एक दात अजून वाकडा वाटतो."

"मला तर दिसत नाही."

"फार काटेकोर आहे ती. घाई नको म्हणते. आणखी वर्ष लागलं तरी चालेल."

त्यांनी खांदे उडवले. लहान मूल असतं तर आईबापांना समजावलं असतं. ही मोठी बाई, दात तिचे. त्यांनी तार जराशी पिळली. सुलेखाने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"काय म्हणाले?" तोंड पुसत तिने विचारलं.

"आणखी एक वर्ष."

गाडीत तिने तारेला मेण लावलं. मग म्हणाली, "वहिनी, ते मार्च म्हणाले ना?"

"पुढच्या वर्षीचा मार्च."

"असं होय," ती म्हणाली.

तिथून आम्ही नेहमीप्रमाणे डेव्हन ॲव्हेन्यूवर भाजीला गेलो. तिने मेथीच्या जुड्या निवडल्या, भेंडी एकेक मोडून पाहिली. साड्यांच्या दुकानापाशी ती दरवेळी थांबायची. त्या दिवशी सरळ पुढे गेली.

संध्याकाळी मीच एडिसनला फोन लावला. "वर्षभर?" चांदोरकर म्हणाले. "मग आईचं जमायचं नाही." मी हळहळले. अगदी मनापासून हळहळले, ऐकणाऱ्याला शंका येणार नाही इतकी. शैलेंद्र पेपर वाचत होता. डॉक्टरचं सगळं मी बघते म्हणून तो निर्धास्त होता.

जुलैत चांदोरकरांची लग्नपत्रिका आली. ह्यूस्टनची मुलगी. सुलेखाने ती दोनदा वाचली आणि स्वतःच चुंबकाने फ्रिजला लावली.

"तारा नसत्या तर झालं असतं का हो, वहिनी?"

"योग लागतो, सुलेखा."

ती कपडे धुवायला बेसमेंटमध्ये गेली. मशीन सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. कपड्यांची टोपली तर वर माझ्या पायाशीच होती. मला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण टोपली घेऊन मी खाली गेले नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला कामावर गेले, आणि माझ्या मुली वेणीफणी करून, दूध पिऊन बसल्या असणार हे मला ठाऊक होतं.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये तारा निघाल्या. डॉक्टरांनी तिच्या हातात आरसा दिला. तिने ओठ मिटले. सहज मिटले. मग उघडले, पुन्हा मिटले. जीभ दातांवरून फिरवली. तेहेतीस वर्षांची बाई, आणि तोंड बघा तर जाहिरातीतलं. माझ्यासुद्धा मनात आलं, किती देखणी आहे ही.

डॉक्टरांनी कपाटातून पांढऱ्या प्लास्टरचे दोन जबडे काढून टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. दोन्हींवर चिठ्ठ्या होत्या. मला हसत म्हणाले, "हे मागच्या फेब्रुवारीचे, मी काढायला निघालो होतो तेव्हाचे. हे या महिन्याचे. मला तर काडीचा फरक दिसत नाही. पण तुमच्या नणंदेला आणखी वर्ष हवं होतं, तर दिलं."

"अभिनंदन म्हणताहेत," मी सुलेखाला सांगितलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. अडीच वर्षं दुपारभर घरात टीव्ही चालू असायचा. आणि माझ्या मुली, त्यांना मराठीत विचारा, उत्तर इंग्रजीतच. दिवसभर त्यांच्याशी बोलणारी माझ्या घरात एकच बाई होती. हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

"थँक्यू, डॉक्टर," सुलेखा म्हणाली. "मे आय टेक बोथ होम?"

येताना दोन्ही जबड्यांचा खोका तिच्या मांडीवर होता. मी हवेविषयी बोलले, बर्फ वितळला म्हणाले. ती खिडकीबाहेर बघत होती.

सहाला सगळे जेवायला बसलो. सीमाने तिचं तोंड निरखून विचारलं, "आत्या, व्हेअर डिड युअर सिल्व्हर गो?" आत्या पोळ्या करत होती. लोणच्याच्या बरणीशेजारी दोन्ही जबडे मांडलेले होते, चिठ्ठ्या पुढे करून. शैलेंद्रने एक उचलला, मग दुसरा. आलटून-पालटून पाहिले, चिठ्ठ्या वाचल्या. इंजिनिअर माणूस, मापातला फरक त्याला लगेच दिसतो. फरक नसला तरी दिसतो.

"हे तर दोन्ही सारखेच आहेत," तो म्हणाला. "मग मधलं वर्षभर केलं काय त्या डॉक्टरने?"

सुलेखाने तव्यावरची पोळी उतरवली, तूप लावलं आणि माझ्या ताटात वाढली.

"वहिनींना विचार, दादा," ती म्हणाली. "डॉक्टरांशी त्याच बोलायच्या."

आणि ती हसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तोंडाला हात न लावता, थेट माझ्याकडे बघत. शैलेंद्रने दोन्ही जबडे खाली ठेवले आणि माझ्या उत्तराची वाट पाहू लागला.