हात वर करा

चामोर्शीच्या मैदानावर पोलीसभरतीच्या पोरापोरींना पळवणारा निकेश ट्रेनरच्या सर्टिफिकेटचा अभ्यास करत होता. पुस्तक त्याने कोळून प्यायलं होतं. भार थोडा थोडा वाढवायचा. मध्ये विसावा द्यायचा, कारण अंग विसाव्यातच घडतं. आणि पळवायच्या आधी प्रत्येकाला आजार विचारायचा, एकेकट्याला, बाजूला घेऊन.

हे शेवटचं त्याने आपल्या सोयीने उरकलं. पहिल्याच दिवशी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि ओरडला, "कोनाले सिकलसेल असन त हात वर करा!"

या भागात उन्हात दमवलं तर जिवावर उठणारा रक्ताचा हा आजार गावोगाव आहे, पण तपासणीचं कार्ड कुणाच्या घरी दिसायचं नाही. पोरीचं कार्ड दिसलं की सोयरीक मोडते, म्हणून आया ते तांदळाच्या डब्यात दडवतात. निकेशला हे ठाऊक नव्हतं म्हणावं, तर त्याच्या सख्ख्या बहिणीचं कार्ड तसंच दडलेलं होतं. तरी एकही हात वर न झालेला पाहून शहाणा खूश झाला.

भरती पंधरा दिवसांवर आली तसा त्याने विसावाच छाटला. मे महिन्याचं ऊन सकाळी नऊलाच चटके देत होतं. पाचव्या फेरीला पोरींतली दिव्यानी मांड्या धरून खाली बसली.

"सर, मांड्यांत लय दुखून राह्यलं. पाय उचलत नाई."

"दुखल्याबिगर वर्दी भेटते काय? ऊठ. एकच फेरी."

पोर गुणी, सांगितलेलं ऐकणारी. उठली. अर्ध्या फेरीत कोसळली, ती कायमचीच. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि निकेशला विचारलं, "सिकलसेल आहे, माहीत नव्हतं तुम्हाला?"

तेरवीला तो तिच्या घरी गेला. तिची आई, वच्छलाबाई, शिव्या घालती तर बरं झालं असतं. तिने दिव्यानीची मैदानावर न्यायची पिशवी त्याच्यापुढे ठेवली. आत पाण्याच्या बाटलीखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड होतं.

"माह्यापासून लपवून रोज नेत होती, सर. तिच्या मैत्रिणीनं सांगतलं. सर एकटे भेटले की दाखवीन, मनत होती."

निकेशला आठवलं. पळणं संपल्यावर ती दोनदा पिशवी छातीशी धरून मागे रेंगाळली होती. "काय पायजे?" त्याने दोन्ही वेळा पोरांच्या घोळक्यातूनच ओरडून विचारलं होतं.

"काई नाई, सर," ती म्हणाली होती.