दुपारचा थांबा

ओर्लाने नकाशावर समुद्रालगतच्या शेताभोवती पेन्सिलीने गोल काढला. कोल्मने आपला ग्लास बाजूला सारला, अंगठा ओला केला आणि तो गोल पुसून टाकला.

"तिथे नको गं," तो म्हणाला. "वारा फार. चीज ताटातून उडून थेट अमेरिकेला जाईल."

पब कोल्मचा आणि ते शेतही त्याचंच, म्हणून ओर्लाने शेजारी बसलेल्या टायगकडे पाहिलं. ओकच्या लाकडाच्या धुरात सॅमन मासा मुरवणारा हा म्हातारा एरवी कुणाच्या बापाला भीत नसे.

"बैल आहे तिथे," टायग खाली बघत म्हणाला.

"कुठला बैल? सकाळीच जाऊन आले मी. एक मेंढरूसुद्धा नाही."

"सकाळी नसतो तो."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. डोनल मघापासून बुटाची नाडीच बांधत होता.

"फाटक गंजलंय," तो टेबलाखालूनच म्हणाला.

ते फाटक तिने सकाळी एका हाताने उघडलं होतं. ओर्लाचं डोकं चक्रावून गेलं. डब्लिन सोडून या गावात नांदायला येऊन तिला अकरा वर्षं झाली होती, तरी अजून कधी कधी सगळे एकदम छताकडे बघू लागायचे आणि आपलं काय चुकलं ते तिला कळायचं नाही.

खाण्यापिण्याच्या सहलीची कल्पना तिची. मे ते सप्टेंबर, दर शनिवारी सोळा पाहुणे. सकाळी टायगचा सॅमन, मग डोनलच्या शेळ्यांचं चीज, नोरीनआत्याचा ताकातला ब्रेड, आणि संध्याकाळी इथे कोल्मकडे काळी बिअर. सहल कंपनीला सगळं पसंत होतं. दुपारच्या जेवणाला समुद्र दिसेल अशी उघड्यावरची सपाट जागा तेवढी हवी होती, आणि ती उद्या दहाच्या आत कळवायची होती, नाहीतर त्यांनी दुसरं गाव हेरून ठेवलंच होतं. सहल आली नाही तर या हिवाळ्यात पबला कुलूप लावतो, असं कोल्म स्वतः म्हणाला होता. आणि आता तोच गोल पुसत बसला होता!

"बरं, मग दुसरी सपाट जागा दाखवा," ती चिडून म्हणाली.

टायगने मेंढ्यांच्या भावाचा विषय काढला. ओर्लाने नकाशाची गुंडाळी केली आणि ती उठून बाहेर पडली.

नोरीनआत्या म्हणजे डोनलची आत्या. वय चौऱ्याऐंशी, पण पीठ मळताना टेबल हलायचं. ओर्लाने कोटही न काढता तिच्यापुढे सगळं भडाभडा ओकून टाकलं.

"वारा म्हणे, बैल म्हणे, गंज म्हणे! सरळ काही सांगतील तर शपथ!"

"कुठलं शेत गं?"

"कोल्मचं, समुद्राकडचं. कोपऱ्यात लहान लहान दगड पडलेत बघा, त्याच्या अलीकडे."

आत्याचे पिठातले हात थांबले. मग तिने ते नीट धुतले, पुसले आणि कोट चढवला.

"गाडी काढ," ती म्हणाली.

शेतात पोचल्यावर ती ओर्लाचा हात न धरता थेट कोपऱ्यात गेली. तीसेक दगड असतील, कुंपणाच्या भिंतीपर्यंत पसरलेले. काटेरी झुडपाजवळच्या एका दगडापाशी ती उभी राहिली.

"हा माझा लेक. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच गेला. अशा पोरांना तेव्हा चर्चच्या आवारात पुरायला जागा नसायची. माझ्या नवऱ्याने खोक्यात घालून इथे आणला, उजाडायच्या आत. मला उठूसुद्धा दिलं नाही. एकसष्ट वर्षं झाली."

ओर्लाला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्या, मला खरंच माहीत नव्हतं हो. इथे नकोच. उघड्यावर जमत नाही म्हणून कळवते मी कंपनीला."

"झालं! तूही त्यांच्यातलीच झालीस." म्हातारी भडकली होती. "सगळे मला जपतात. इथे नांगर नाही, गुरं नाहीत, आणि माणूसही फिरकत नाही. जवळून जाताना आवाज खाली करतात मेले. एकसष्ट वर्षांत इथे कुणी पोटभर हसलं नाही. या पोरांनी माणसांचा आवाज ऐकायचा तरी कधी?"

ओर्लाने आत्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं.

"टेबलं इथेच मांड," आत्या जरा वेळाने म्हणाली. "ब्रेड मी स्वतः घेऊन येईन. दगडांवर मात्र कुणी बसायचं नाही. पाहुण्यांना सांगून ठेव."

ओर्ला पबमध्ये परतली तेव्हा तिघे जागचे हलले नव्हते.

"दुपारचं जेवण त्याच शेतात," ती म्हणाली. "नोरीनआत्याने सांगितलंय. मला घेऊन गेली होती ती."

डोनलने मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते. कोल्म उगाचच एक कोरडा ग्लास पुसत राहिला.

"बाकं आहेत माझ्याकडे, मागच्या खोलीत," शेवटी कोल्म म्हणाला. "आठ आहेत. धुवावी लागतील."

"आठ पुरतील," ओर्ला म्हणाली. "झुडपाच्या अलीकडे, एका रांगेत लावू."

टायगने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"एका रांगेत नको, ओर्ला," तो म्हणाला. "दोन बाकं भिंतीकडच्या टोकालाही लाव. माझी बहीण त्या बाजूला आहे."