दुपारी चारचं नवं वर्ष

फाइनाने काचेची शेवटची चिमणी दिवाणखान्यात सजवलेल्या झाडाच्या फांदीला अडकवली आणि फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला.

"पुन्हा बोल," ती म्हणाली. "नीट ऐकू आलं नाही."

नीट ऐकू आलं होतं. पण नकोसं वाक्य दुसऱ्यांदा बोलायला लावलं की मुलाची जीभ अडखळते, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"आई, आज शुक्रवार आहे," गेना म्हणाला. "एकतीस तारीख यंदा शुक्रवारीच आली, त्याला मी काय करू? शुक्रवार रात्रीचं शब्बाथचं जेवण ओर्लीच्या आईकडे असतं. उद्या संध्याकाळी शब्बाथ सुटला की येतो ना आम्ही, तमारला घेऊन."

"उद्या संध्याकाळी नवं वर्ष शिळं झालेलं असेल."

"आई, असं काय करतेस..."

"सुलिकाबाईंना सांग, शब्बाथ दर आठवड्याला येतो. माझा सण वर्षातून एकदाच येतो."

"हे मी त्यांना सांगू?"

"नको. तुझ्याच्याने होणार नाही ते."

सुलिका म्हणजे तिची विहीण. मोरोक्कोतून आई-बापांच्या कडेवर बसून आलेली, इथे इस्रायलात अश्दोदमध्येच वाढलेली, आणि फाइनाच्या मते सगळ्या सणांचा मक्ता घेतलेली बाई. शरदातलं मध-सफरचंदाचं नवं वर्ष तिच्याकडे. मांडवाचा सण तिच्या गच्चीत. हनुक्काचे दिवे तिच्या खिडकीत आणि वल्हांडणाचं जेवण तिच्या लांबलचक टेबलावर. फाइना दर वेळी त्या टेबलाच्या टोकाला पाहुणी. हातात प्रार्थनेचं पुस्तक, आणि पान कुठलं चाललंय ते सहा वर्षांची नात तमार येऊन दाखवणार! ती ज्यूच, पण रशियाच्या पार पूर्वेकडच्या बिरोबिजानची ज्यू. तिथे स्टेशनवर ज्यूंच्या यिद्दिश भाषेतली पाटी होती आणि घरात एकही प्रार्थना नव्हती. आठ मार्चला बायकांना फुलं, नऊ मेला वडिलांची युद्धातली पदकं, बस. आणि एकतीस डिसेंबरचं झाड. त्या झाडाखाली देव नव्हता आणि कुणी कुणाचं आडनाव विचारत नव्हतं. उणे तीसच्या थंडीत घरभर संत्र्यांचा वास सुटायचा.

एवढा एकच सण तिने तमारसाठी राखून ठेवला होता. तोही आता त्या बाईच्या रवाळ मोरोक्कन कुसकुसखाली गडप होणार म्हटल्यावर फाइनाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि आवाज आपोआप बारीक झाला. "तुम्ही जा तिकडे. मी जरा पडते. सकाळपासून चक्कर येतेय."

दुखत होतं ते पोटात, पण सांगितली चक्कर.

"चक्कर? किती वेळ? गोळी घेतलीस का? आई, आम्ही येतो. लगेच निघतो."

फोन ठेवून फाइनाने आरशात पाहिलं. गाल चांगले लाल होते. तिने तोंडावर थोडी पावडर फासली, काल रात्रीच करून ठेवलेलं बटाटा-मटारचं सॅलड फ्रिजमध्ये पुढे ओढलं, बाहुलीचा खोका झाडाखाली सरकवला आणि पांघरूण घेऊन पलंगावर आडवी झाली. नात दारातून धावत येईल, मग आपल्याला हळूहळू बरं वाटू लागेल, असा तिचा बेत होता.

दार उघडलं ते साडेतीनला. आधी आत आला लाल मसाल्यातल्या माशाचा वास. मग सुलिकाचा आवाज.

"गेना, ते मोठं पातेलं सरळ धर, रस्सा सांडेल! ओर्ली, माझ्या ताटल्या कुठायत? विहीणबाई, उठू नका हं, अजिबात उठू नका! आजारी माणसाला शब्बाथला एकटं टाकतात होय? आम्ही शब्बाथच इकडे घेऊन आलोय!"

फाइनाने डोळे घट्ट मिटले. बाई घरात शिरली होती. आपल्याच तोंडाने आपण तिला बोलावलं होतं, आणि आता ती आपल्या स्वयंपाकघरात आपली झाकणं उचलून बघत असणार. आपल्याला मात्र हलायची सोय नाही!

तमार येऊन गालाला गाल लावून गेली. "आजी, दुखतंय का?" एवढंच. मग बाहेरून सुलिकाने हाक मारली, शब्बाथच्या पावाची वेणी रुमालाने झाकायला ये म्हणून, आणि पोर तुरुतुरु पळाली. फाइनाने भिंतीकडे तोंड केलं. बाहेर दोघी हसत होत्या. काय एवढं हसू येत होतं, कोण जाणे. मेली ती पावाची वेणी!

"सुलिका आजी, ते घड्याळ बघू नकोस," तमार सांगत होती. "ते इथलं नाहीये. ते फाइना आजीच्या गावचं आहे."

"म्हणजे गं?"

"तिकडे आता रात्र आहे. आपल्याकडे चार वाजले की तिकडे नवं वर्ष लागतं. मग मावशीआजीचा फोन येतो आणि आजी रडते. मग आम्ही संत्री खातो."

बाहेर पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला. मग चपलांचा आवाज जवळ आला, खोलीचं दार आतून लागलं आणि पलंगाची कड खाली दबली. सुलिका चांगली वजनदार होती.

"विहीणबाई, त्या घड्याळात बाराला दहा कमी आहेत. उठा."

"मला चक्कर येतेय."

"येत असेल. मला वल्हांडणात धडधड झाली होती, आठवतं?"

फाइनाला कसं आठवणार नाही! गॅलिलीच्या तळ्याकाठी तिने खोली घेऊन ठेवली होती, ती आणि तमार दोघीच जाणार होत्या. आदल्या दिवशी सुलिकाची छाती धडधडायला लागली. सगळे तिच्या उशाशी जमले, खोली रद्द झाली.

"काही झालं नव्हतं मला," सुलिका म्हणाली. "घोड्यासारखी ठणठणीत होते. पोर सबंध सुट्टी तुमच्याबरोबर राहणार, हे मला बघवेना."

"तुम्ही खोटं बोललात?" फाइना ताडकन उठून बसली. पांघरूण खाली पडलं. "मी तुमच्यासाठी देवाचा धावा केला! मी, जन्मात कधी केला नव्हता! तुम्हाला सूप करून पाठवलं!"

"शेवयांचं," सुलिका म्हणाली. "वल्हांडणात. घरात पिठाचा कण नको म्हणून मी पंधरा दिवस कोपरे घासत होते, आणि तुम्ही अख्खं भांडंभर शेवया पाठवल्यात!"

फाइनाचा हात तोंडावर गेला. तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आजवर कुणी सांगितलंही नव्हतं.

"कुणाला बोलले नाही मी. भांडं गॅलरीत ठेवलं आणि तिथेच बसून रडले. मी इकडे सोंग करतेय आणि ही बाई मला सूप पाठवतेय, म्हणून." सुलिकाने पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले. "आज गेनाने चक्कर म्हटल्याबरोबर मी ओळखलं. तोंडाला पावडर जास्त झालीय, पुसा. आणि चला, तुमचं वर्ष चाललंय."

फाइनाला तिला चार शब्द सुनवायचे होते, निदान तळ्याकाठच्या त्या खोलीबद्दल तरी. पण बाहेर फोन वाजायला लागला, आणि तमार ओरडली, "आजी, वाजले! वाजले!"

बहिणीशी बोलताना ती यंदाही रडली. गेनाने बाटली उघडली. सुलिकाने आपला द्राक्षरस आपल्याच कागदी पेल्यात घेतला. फाइनाचं स्वयंपाकघर धर्माचे नियम पाळणारं नव्हतं, म्हणून तिथलं सॅलड तिला चालणारं नव्हतं, फाइनाने बिटाच्या थराखाली लावलेला मासाही नाही. फाइनाने एक संत्रं सोललं, त्याच्या शिरा काढल्या आणि तिच्या कागदी ताटलीत ठेवलं. सुलिकाने ते सगळं संपवलं.

मग तिने कपाटावर दोन मेणबत्त्या लावल्या आणि डोळ्यांवर हात धरून पुटपुटली. फाइना मागे अवघडून उभी होती. शब्बाथ चालू असताना झाडावरचे दिवे असे लुकलुकत राहणं बरं दिसणार नाही, असं वाटून ती हळूच बटणाकडे गेली.

"अं हं!" सुलिकाने तिचं मनगट धरलं. "शब्बाथ लागला. आता पेटलेलं विझवायचं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत राहील तसंच."

"आधी सांगायचं नाही का?"

"आधी तुम्ही विचारलंत कुठे?"

जेवणं आटोपली. तमारने बाहुलीचा खोका फोडला, बाहुलीला कुसकुसचा एक घास भरवला आणि तिला घेऊन सरळ सुलिकाच्या मांडीवर जाऊन बसली. बाहुलीच्या वेण्या कशा घालायच्या, ते ती सुलिकाला विचारत होती. बाहुली आणली कुणी, वेण्या घालणार कोण!

"आई, चक्कर गेली का?" गेनाने विचारलं.

"गेली होती," फाइना म्हणाली. "आत्ता परत आली जराशी."

सुलिकाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग तमारला मांडीवरून खाली उतरवलं.

"जा गं, त्या आजीला विचार. तिकडच्या वेण्या वेगळ्या असतात."

तमार आली, बाहुलीसकट फाइनाच्या मांडीवर चढली आणि डोकं तिच्या हनुवटीखाली घुसवून बसली. फाइनाने बाहुलीचे केस सोडले, तीन पेड केले. मध्येच तिने वर पाहिलं. टेबलापलीकडे सुलिका रिकाम्या मांडीने बसली होती, आणि तिचा एक हात, तिच्या नकळत असेल, छातीवर गेला होता.

फाइनाने वेणी तमारच्या हातात धरायला दिली, सुलिकाची कागदी ताटली पुढे ओढली आणि परडीतलं दुसरं संत्रं सोलायला घेतलं.