दळणातली मूठ

निफाडजवळच्या मळ्यात राहणाऱ्या धोंडाबाईंचं डोकं चक्रावून गेलं होतं. सात वर्षांच्या नातीच्या, सृष्टीच्या, अंगावर चार महिने गांधी उठत होत्या. जेवली की पोट धरून बसायची. नाशिकच्या डॉक्टरांना सोयाबीनचा संशय होता. खात्री नाही, पण महिनाभर पूर्ण बंद करून बघा, म्हणाले.

सून मनीषाने सोयावड्या बंद केल्या, तेल शेंगदाण्याचं आणलं, बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचून काढली. धोंडाबाई मनात हसल्या. दारात ज्याचे कट्टे रचलेत, तेच पोरीला बाधतं म्हणे! तरी पथ्य त्यांनीही पाळलं. सृष्टीला नुसती दूधपोळी, तीही आपल्या हाताने.

गांधी काही जाईनात. मग पोर मनीषाच्या माहेरी, हरसूलला गेली. आठ दिवस नागलीची भाकरी खाल्ली आणि ठणठणीत झाली. इकडे परतली, तर दुसऱ्याच दिवशी ओठ सुजले.

मनीषाने तिला हरसूलच्याच शाळेत घालायचं ठरवलं. धोंडाबाई एकेक गोष्ट आठवू लागल्या. आपल्या घरात असं काय वाईट आहे? पाणी? द्राक्षांवरची फवारणी? की आपलीच नजर? काही उमजेना.

सोमवारी मनीषा विंचूरला कामावर गेल्यावर त्या दळण काढायला बसल्या. गहू निवडून डब्यात भरले आणि सवयीने हात सोयाबीनच्या कट्ट्यात गेला. अंगणवाडीच्या बाईंनी ताकदीचं म्हणून सांगितलं होतं, तेव्हापासून दळणात एक मूठ ठरलेली. पोर वाळत चालली तशा त्यांनी दोन केल्या होत्या. दळलं की ते पीठच. त्याला सोयाबीन कोण म्हणतं?

हात कट्ट्यातच राहिला. सृष्टीची दूधपोळी याच पिठाची होती.

संध्याकाळी मनीषा घरात शिरताच त्यांनी पिठाचा डबा तिच्यापुढे सरकवला. "मीच घालीत होते गं दळणात. ती वाळली तशी वाढवीत गेले."

रागवावं की रडावं, मनीषाला कळेना. "हरसूलच्या शाळेचं थांबवते," ती शेवटी म्हणाली. "पण आई, गिरणीत तर सगळ्या गावाचं सोयाबीन घालूनच दळतात. ते आपल्याही पिठात येणारच."

धोंडाबाईंनी पिठाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

तेवढ्यात सृष्टी शाळेतून आली, दप्तर टाकून आजीला बिलगली आणि दूधपोळी मागू लागली. धोंडाबाईंनी पोळ्यांचा डबा पदराआड घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा नातीला नाही म्हणाल्या.